शिक्का कोंबडीवर, कुलूप दारावर

आमच्या फ्रीजरमध्ये चिकनचं पाकीट पडलेलं असतं, त्याच्या कोपऱ्यात एक बारीक गोल शिक्का असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने तपासलेलं, खाण्यायोग्य, असा मजकूर आणि पी अक्षरापुढे कारखान्याचा नंबर. भारतातून नवीन आलेल्या कुणाला तो दाखवला की हमखास ऐकू येतं, ‘म्हणजे कारखाना सरकारने पास केलेला आहे.’ घोळ होतो तो इथेच. सरकारने पास केली आहे ती कोंबडी. ज्या हातांनी ती कापली, त्या हातांबद्दल शिक्का काहीच सांगत नाही. हातांसाठी दुसरं खातं आहे, दुसरा कायदा आहे आणि दुसरा इन्स्पेक्टर आहे. फरक इतकाच की तो सहसा तिथे नसतो.

पहिला इन्स्पेक्टर एफएसआयएसचा, म्हणजे कृषी खात्याच्या अन्न तपासणी विभागाचा. दुसरा ओशाचा. ओशा, म्हणजे कामाच्या जागची सुरक्षा बघणारी संस्था, कामगार खात्याखाली येते, आपल्याकडे ज्याला फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणतात तसलं काम. दोघंही सरकारी, दोघांच्याही हातात कागद, दोघंही त्याच ओल्या फरशीवरून चालतात. बाहेरून बघणाऱ्याला एकच वाटावेत असे.

दोघांच्या वयात मात्र एका पिढीहून जास्त अंतर आहे. शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या कामगारांचे हाल लोकांना कळावेत म्हणून अप्टन सिंक्लेअर यांनी कादंबरी लिहिली. लोकांनी ती वाचली आणि त्यांना आपल्या ताटातल्या मांसाची किळस आली. 30 जून 1906 रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी मांस तपासणीच्या कायद्यावर सही केली. कोंबडीची सक्तीची तपासणी 1957 च्या कायद्याने आली. आणि कामगाराच्या जिवाचा केंद्रीय कायदा? डिसेंबर 1970. मांस आधी, माणूस 64 वर्षांनी.

अधिकार बघितले तर हा फरक आणखी ठसठशीत दिसतो. जिथे जनावर कापलं जातं तिथे लाइन, म्हणजे जनावरं एकामागून एक पुढे सरकवणारी साखळी, चालू असेपर्यंत मांसाचा इन्स्पेक्टर हजर हवाच. तो नाही तर लाइन नाही. जिथे नुसती कापाकापी किंवा तळणी होते, तिथे निदान पाळीला एक फेरी. त्याच्या बसायची खोली कारखान्याने द्यायची, पगार मात्र सरकारी तिजोरीतून. एखादं यंत्र घाण दिसलं तर तो त्याला ‘नामंजूर’ असा टॅग बांधतो. तो टॅग मालकाने स्वतः काढायचा नाही. यंत्र धुऊन, इन्स्पेक्टरला दाखवून, त्याने टॅग काढला की मगच चालू करायचं. दोऱ्याने बांधलेला एक कागद, पण सगळी पाळी हात बांधून उभी राहते.

ओशाच्या माणसाकडे असा टॅग नाही. कारखान्याने दारातच नको म्हटलं तर त्याला वॉरंट आणावं लागतं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवून दिलं. समोर जिवाला धोका दिसला तरी काम बंद पाडायला त्याला कोर्टात जावं लागतं. तो दंड करतो. 2020 मध्ये साउथ डकोटातल्या सू फॉल्सच्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यात जवळपास 1,300 कामगारांना कोविड झाला, चौघे गेले. दंड झाला 13,494 डॉलर, आणि त्या कलमाखाली कायद्याने जास्तीत जास्त तेवढाच करता येत होता. ओशा आणि राज्यांची खाती मिळून देशभरात असे इन्स्पेक्टर सुमारे 1,850 आणि कामाच्या जागा 80 लाखांच्या घरात. तक्रार आली, कुणी मेलं, तर येतात. एरवी कधी येतील हे नशिबावर.

या दोन माणसांमधलं अंतर मोजायचं असेल तर नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅम्लेटला जावं लागतं. सहाएक हजार वस्तीचं रेल्वेचं गाव, जॅझवाला जॉन कोल्ट्रेन इथलाच. रेल्वेची कामं कमी झाली आणि गावाला उरले असले कारखाने. तिथे हॉटेलांसाठी चिकनचे तुकडे तळून गोठवले जायचे. 3 सप्टेंबर 1991, मंगळवार, सकाळची पाळी. तळणीच्या यंत्राजवळ हायड्रॉलिक तेलाची नळी सुटली, तेलाचा फवारा गॅसच्या ज्योतीवर पडला आणि क्षणात सगळीकडे काळा धूर. बाहेरची बरीच दारं कुलूपबंद होती, कारण कामगार चिकन चोरतात असा मालकाला संशय. 25 माणसं गेली. बरीचशी धुराने, कुणी दाराशी, कुणी आसरा म्हणून शिरलेल्या कूलरमध्ये, म्हणजे माल थंड ठेवायच्या खोलीत.

त्या इमारतीत मांसाचा सरकारी इन्स्पेक्टर रोज येत होता. सुरक्षेचा इन्स्पेक्टर 11 वर्षांत एकदाही आला नव्हता. तिथे ते काम राज्याच्या खात्याकडे होतं आणि त्या खात्याकडे माणसंच नव्हती. मांसवाल्याला दोष द्यावा का, यावर मी बराच विचार केलेला आहे. तुकड्यांचं तापमान बघणं त्याच्या कामात होतं, दाराचं कुलूप बघणं नव्हतं. माणूस म्हणून त्याने बोलायला हवं होतं असं आपण म्हणू शकतो, पण यंत्रणेने त्याच्याकडून ती अपेक्षाच ठेवली नव्हती. मालकाने मनुष्यवधाचे 25 गुन्हे कबूल केले, 20 वर्षांच्या आसपास शिक्षा झाली आणि चारेक वर्षांत तो बाहेर आला. कारखाना पुन्हा उघडला नाही, म्हणजे जे वाचले त्यांची नोकरीही गेली. 1994 मध्ये दोन्ही खात्यांनी करार केला: मांसाच्या इन्स्पेक्टरला गंभीर धोका दिसला तर त्याने ओशाला कळवायचं. ही गोष्ट कागदावर यायला 25 मुडदे पडावे लागले.

लाइनच्या वेगाचं कोडं याहून अवघड आहे, कारण तिथे एकाच आकड्यात दोघांची कामं अडकतात. चिकनच्या लाइनला 2014 च्या नियमाने मिनिटाला 140 पक्षी अशी मर्यादा घातली, पुढे काही कारखान्यांना 175 ची सवलत मिळाली. ही मर्यादा ठरवतं अन्न तपासणी खातं, आणि ठरवताना प्रश्न असतो की त्यांच्या माणसाला पक्षी नीट बघता येतो का. तेच हाड, तोच सांधा, तोच कट पाळीभर मारणाऱ्या मनगटाचं काय, हा प्रश्न ‘आमच्या कक्षेत नाही’. ज्यांच्या कक्षेत आहे त्या ओशाकडे लाइनच्या वेगाचा नियमच नाही. वारंवारच्या हालचालींनी होणाऱ्या दुखापतींवर तिने 2000 च्या अखेरीस नियम आणला होता; काही महिन्यांत, 2001 मध्ये, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो रद्द केला. साउथ कॅरोलायनातल्या एका चिकन कारखान्यात सरकारी आरोग्यतज्ज्ञांनी कामगार तपासले, तेव्हा 42 टक्क्यांमध्ये कार्पल टनेलची, म्हणजे मनगटातली नस दबण्याच्या आजाराची, लक्षणं सापडली. डुकराच्या लाइनची मर्यादा 2019 मध्ये काढली गेली, तो निर्णय 2021 मध्ये मिनेसोटाच्या केंद्रीय न्यायालयाने फिरवला. कारण हेच: कामगारांच्या सुरक्षेचा मुद्दा खात्याने विचारातच घेतला नव्हता.

पहाटेचं एक दृश्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. पाळी सुरू होण्याआधी इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन यंत्रं बघतो. पात्यांत कालचा चरबीचा कण राहिलाय का. रात्री ही यंत्रं ठेकेदाराची माणसं गरम पाण्याने, तिखट रसायनांनी धुतात. 2023 मध्ये अशा एका ठेकेदार कंपनीला 15 लाख डॉलर दंड झाला, कारण आठ राज्यांतल्या 13 कारखान्यांत तिने 13 ते 17 वर्षांची 102 मुलं कामाला लावली होती. हे उघड केलं ते मजुरीचे तास बघणाऱ्या तिसऱ्याच विभागाने. पातं स्वच्छ होतं. कुणी स्वच्छ केलं, असा रकाना पहाटेच्या कागदावर नसतो.

खाणाऱ्यासाठी एक सांगून ठेवतो: शिक्का आहे म्हणजे पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू त्यात नाही, असंही नव्हे. डोळ्याला जंतू दिसत नाहीत. चिकन आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस शिजवायचंच.

आणि पाकिटावरचा तो नंबर कृषी खात्याच्या यादीत टाकला की कारखान्याचं नाव, गाव कळतं. मग तेच नाव ओशाच्या तपासणी-नोंदींत शोधून बघा. काहीच निघालं नाही तर लगेच निश्चिंत होऊ नका. हॅम्लेटच्या नावावरही सुरक्षेची एकही नोंद नव्हती.