पंक्चर एका टायरला, मग नवे दोन कशाला?

टायरवाल्याने चाक हळूहळू फिरवलं आणि साबणाच्या पाण्यातले बुडबुडे दाखवले. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला असता आणि भोक 6 मिलिमीटरच्या आत असतं, तर टायर दुरुस्त झाला असता. इथे चीर बाजूच्या भिंतीला होती. ही भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, तिथे ठिगळ टिकत नाही. टायर बाद. "जोडीच टाका," तो म्हणाला.

मला लगेच वाटलं, माल खपवतोय. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं.

नव्या टायरच्या खाचा साधारण 8 मिलिमीटर खोल असतात. 1.6 वर आल्या की टायर कायद्यानेही बाद. माझ्या गाडीत या टायरचा जोडीदार, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या चाकाचा टायर, 4 वर आला होता. 185/65 आर 15 मापाचा नवा टायर किलोमीटरला सुमारे 512 फेरे मारतो. 4 मिलिमीटर झिजलेला, ढोबळ हिशेबाने, 519. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून इंजिनाची ताकद पोचणाऱ्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतो. फेऱ्यांत असा फरक पडला, की त्याला सरळ रस्त्यावरही उसंत मिळत नाही. साध्या गाडीत हे खपून जातं. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मात्र पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारी यंत्रणा तापून खराब होऊ शकते.

मला खरी काळजी पाण्याची वाटते. रस्त्यावर 2 मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी 80 किलोमीटरने चालली आहे, असं धरा. 185 मिलिमीटर रुंदीच्या एका टायरसमोर दर सेकंदाला 8 लिटर पाणी येतं, म्हणजे जवळजवळ अर्धी बादली! ते खाचांतून आणि बाजूंनी निघून गेलं नाही, तर टायर पाण्यावर तरंगायला लागतो. एका बाजूचं चाक रस्ता धरून आहे आणि दुसऱ्या बाजूचं तरंगतंय, अशा वेळी ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते.

नवी जोडी मागे बसवा, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जात असली तरी. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, आणि आपण आपसूक ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते. एक्स्प्रेस वेवर मुसळधार पावसात ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

जोडीदार टायर दीड-दोन मिलिमीटरच झिजला असेल, तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा आणि नक्षीचा एकच टायर घ्या, पैसे वाचवा. स्टेपनी पूर्ण मापाची, तशीच आणि न वापरलेली असेल, तर ती आणि एक नवा मिळून जोडी होते. फक्त तिच्या भिंतीवरचे चार आकडे आधी वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. डिकीत पडून राहिलेलं रबरही वर्षागणिक कडक होत जातं.