झूम की ट्रॉली? उत्तर पाठीमागच्या भिंतीत असतं

चित्रपटातला एखादा प्रसंग दाखवून त्यावर इंग्रजीत लिहायला सांगितलं की नववी-दहावीची निम्मी पोरं एक वाक्य हमखास लिहितात : ‘द कॅमेरा झूम्स इन.’ चेहरा मोठा दिसला की झूम. मग कॅमेरा रुळांवरून पुढे सरकलेला असो, लेन्सने चित्र मोठं केलेलं असो, नाहीतर सरळ कट मारून जवळचा शॉट लावलेला असो. कट ओळखणं सोपं, चित्र उडी मारतं. खरा घोळ झूम आणि ट्रॉलीचा. दोन्हींत माणूस हळूहळू मोठा होत जातो आणि घाईत पाहणाऱ्याला ते एकच वाटतं.

ट्रॉलीत कॅमेरा स्वतः जागा सोडतो. रूळ टाकून, चाकांच्या पाटावर ठेवून त्याला ढकलत नेतात. पैसे कमी असले की व्हीलचेअरवरही भागवतात. झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही, लेन्समधली भिंगं पुढेमागे होऊन चित्र मोठं होतं. एवढी व्याख्या पोरं पाठ करतात आणि पुढच्या उत्तरात पुन्हा तेच लिहितात, कारण पडद्यावर ना रूळ दिसत, ना भिंगं. पडद्यावर जे दिसतं, त्यावरूनच ओळखायला शिकायला हवं.

त्यासाठी नाशिकच्या गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसमोर जावं. (पावसाळ्यात नको. तेव्हा त्याच्या कुठवर पाणी चढलं यावर सगळं नाशिक पूर मोजत असतं.) समजा, तुम्ही मूर्तीपासून 40 मीटरवर उभे आहात आणि तिच्यामागे आणखी 20 मीटरवर एक देऊळ आहे. जागेवरूनच चौपट झूम केलं, तर मारुती चौपट होईल आणि देऊळही चौपट. आता झूम बंद करून मूर्तीपासून 10 मीटरपर्यंत चालत जा. मारुती याही वेळी चौपटच दिसेल. पण देऊळ 60 मीटरवरून 30 मीटरवर आलं, म्हणजे ते फक्त दुप्पट झालं. दोन्ही व्हिडिओंत शेवटी मूर्ती तेवढीच, पण एकात देऊळ तिच्या खांद्याला लागून उभं आणि दुसऱ्यात त्याच्या निम्मं, मागे सरकलेलं.

थोडक्यात, नायकाकडे बघू नका, त्याच्या मागे बघा. वर्गात प्रोजेक्टरचं चित्र पांढऱ्या फळ्यावर पडत असेल तर काम आणखी सोपं होतं. शॉटच्या सुरुवातीला थांबवून जवळच्या वस्तूची एक कड, म्हणजे दाराची चौकट किंवा खुर्चीची पाठ, मार्करने फळ्यावरच आखायची. दुसऱ्या रंगाने मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर आखायचं. शॉट पुढे सोडून शेवटी पुन्हा थांबवायचा. चौकट आणि कॅलेंडर सारख्याच पटीत मोठे झाले, तर झूम. चौकट भराभर फ्रेमबाहेर गेली, कॅलेंडर जेमतेम वाढलं आणि मघाशी झाकलेला खिळाही दिसू लागला, तर ट्रॉली. नुसती सपाट भिंत किंवा फोटो दाखवला असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण पुढे-मागे असं तिथे काही नसतंच.

आता हे इंग्रजीच्या तासाला कशाला, असं पालक विचारतात. कारण अर्थ बदलतो. जुन्या सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या बसस्थानकावर, बाकावर बसलेली एक मुलगी घ्या. हातात निकालाचा कागद, पुढेमागे गर्दी, पाठीमागे एसटी. लांबून झूम केलं तर मुलीबरोबर एसटीही वाढते, लोक तिला चिकटल्यासारखे दिसतात, ती गर्दीत अडकते. (हा चपटेपणा लेन्सची करामत नाही, आपण लांब उभे आहोत, म्हणून तो येतो.) पाहणाराही लांबच राहतो, कोणीतरी दुरून नजर ठेवल्यासारखा. तेच ट्रॉलीने गेलं, तर पुढची माणसं एकेक करून फ्रेमच्या कडेने निघून जातात, एसटी मागे राहते आणि मुलगी एकटी उरते. आपण तिच्याशेजारी जाऊन बसतो. अभिनय तोच, कागद तोच. ‘झूममुळे तिचं दुःख कळतं’ असं लिहिणाऱ्याने यातलं काहीच पाहिलेलं नसतं. अर्थात झूम म्हणजे पाळत आणि ट्रॉली म्हणजे माया, असं सूत्रही करू नये. भुताच्या चित्रपटात ट्रॉलीनेच अंगावर काटा येतो.

काळाचं भान असलं तरी काही चुका टळतात. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ 1919 सालचा. त्याच्या सुरुवातीला त्यांची मुलगी मंदाकिनी चेहऱ्यावरचे एकेक भाव करून दाखवते आणि मग तीच कृष्ण होते. तो चेहरा मोठा दिसतो म्हणून उत्तरात झूम लिहिलं, तर ते बसत नाही. तेव्हा चित्रपटात झूम लेन्स वापरात नव्हती. चेहरा मोठा हवा तर कॅमेरा जवळ मांडावा लागे. शाळेच्या सहली पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या फाळके स्मारकापर्यंत जातात. तिथून परतल्यावर या चित्रपटाची दहा मिनिटंही दाखवली तर सहलीचं चीज होईल, असं माझं मत आहे. झूमचा सुकाळ पुढे 1960-70च्या दशकांत झाला आणि हिंदी चित्रपटांनी तर तो इतका वापरला की आज त्यातले काही शॉट पाहताना पोरं हसतात.

झूम आणि ट्रॉली एकाच वेळी उलट दिशांनी वापरले की काय होतं, ते दिग्दर्शक हिचकॉकच्या 1958 सालच्या ‘व्हर्टिगो’त दिसतं. कॅमेरा एका दिशेने सरकतो, लेन्स त्याच्या उलट झूम करत राहते आणि जिन्याचा तळ खोल खोल जातो. वर्गात हा शॉट मी सगळ्यात शेवटी दाखवते. आधी दाखवला तर पोरं त्याच्यातच रमतात आणि साधा फरक बाजूला राहतो.

रील्सची गोष्ट वेगळी. तिथे शूटिंग झाल्यावर ॲपमध्ये चित्र नुसतं मोठं करतात. त्यात लेन्सही हलत नाही आणि कॅमेराही, पण पुढचं-मागचं सारख्याच पटीत वाढतं. त्यामुळे त्याला कोणी झूम लिहिलं तर मी गुण कापत नाही.