हात हलला की फोकस चुकला?

सप्टेंबरात कास पठारावर सीतेच्या आसवांसमोर गुडघे टेकून फोटो काढावा, घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहावा, तर ते नखाएवढं निळं-जांभळं फूल पुसट. मग हळहळ सुरू होते: ट्रायपॉड न्यायला हवा होता! पण दोष नेमका कशाचा हे पाहिल्याशिवाय ट्रायपॉडचं ओझं वाहू नये, असं माझं ठाम मत आहे.

फोटो पूर्ण मोठा करून बघा. सगळी चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसते, कडा दुहेरी आहेत? मग हात हलला. फूल पुसट, पण मागचं गवताचं पातं अगदी रेखीव? मग फोकस चुकला. दगड स्वच्छ आणि फूल तेवढंच फिसकटलेलं? तो वारा, आणि वाऱ्यापुढे ट्रायपॉडचंही काही चालत नाही.

हातात कॅमेरा धरताना शटर १०० मिमी लेन्सला निदान १/१०० सेकंद इतकं जलद हवं, हा जुना हिशोब लांबच्या दृश्यांना पुरतो. मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून मोठा फोटो घेताना, मात्र फुलाबरोबर थरथरही मोठी होते, म्हणून मी १/२५० पेक्षा हळू शटर ठेवत नाही. तरीही खरी अडचण वेगळीच असते. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, १:१ मोठेपणात (म्हणजे सेन्सरवर फूल खऱ्या आकाराचं), एफ/८ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो मोठा तितका पट्टा रुंद, पण उजेड कमी) रेखीव दिसणारा पट्टा जेमतेम १ मिलिमीटरचा असतो. फोकस लागला, बटण दाबलं, तेवढ्यात श्वासाबरोबर अंग पुढे झुकतं आणि फूल त्या पट्ट्याबाहेर जातं. हे मागेपुढे होणं लेन्समधला स्टॅबिलायझर, म्हणजे थरथर शमवणारी यंत्रणा, सावरत नाही. शटर १/१००० वर नेलं तरी उपयोग नाही, कारण हा फोकसच चुकलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे फोकस मॅन्युअलवर ठेवायचा, कोपर जमिनीला टेकवायचं, अगदी हळू पुढे सरकत पाच-सहा फोटो सलग घ्यायचे आणि त्यातला एक निवडायचा.

ट्रायपॉडचा मोठा फायदा इथेच आहे. फोकसचा पट्टा ठेवला तिथेच राहतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) चित्र दहापट मोठं करून परागकोशावर फोकस नेता येतो, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० वर राहतो, एफ/११ परवडतो. मधला दांडा वर ओढू नका, २ सेकंदांचा टायमर लावा, आणि जुन्या लेन्सचा स्टॅबिलायझर बंद करा. तो कधीकधी नसलेली थरथर सावरायला जातो आणि स्वतःच चित्र हलवतो. पण हे सगळं वारा पडलेला असेल तरच. बारीक देठावरचं फूल १/१५ सेकंदात सहज डुलतं.

आणि कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, ट्रायपॉडचे तीन पाय ठेवणार कुठे? जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत गेंद, दवबिंदू, सीतेची आसवं ही रोपं दाटीनं उगवलेली असतात. एका पायाखाली किती रोपं चिरडतील, ते वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून तिथे मी ट्रायपॉड नेत नाही. पायवाटेच्या कडेला उघडा दगड शोधतो, त्यावर तांदूळ भरलेली छोटी कापडी पिशवी ठेवतो, तिच्यावर लेन्स टेकवतो आणि वारा थांबायची वाट बघतो.