६१ चा हट्ट: पाटण, देवगिरी आणि मकबरा

६१ ला कोणत्या वर्गसंख्येने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्गच येतो? शेजारच्या आकड्यांचे हे काम तोंडी होते. ६० ला ४ च्या वर्गाने गुणून १ मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ चे ८ आणि ६३ वर भागते. ६१ मात्र अडून बसतो. त्याची सर्वांत लहान जोडी आहे २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. एकेक आकडा तपासत बसणाऱ्याचा जन्म जायचा.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील बीजगणितात हे उत्तर दिले. अशा प्रश्नांना वर्गप्रकृती म्हणत. दोन उत्तरांवरून तिसरे काढण्याची ‘भावना’ ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच सांगितली होती. भास्कराचार्यांनी तिच्या जोडीला चक्रवाल, म्हणजे चक्रासारखी पुन्हा पुन्हा फिरवायची रीत, वापरली. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त, इथून सुरुवात. चक्राच्या एकाच फेऱ्यात ३९ आणि ५ मिळतात: ३९ चा वर्ग १५२१, ५ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे १५२५, फरक ४. फरक ४ वर आला की पुढचे भावनेवर सोपवायचे. तिच्यातून २९,७१८ आणि ३,८०५ निघतात. या दोघांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे जोडीतला लहान आकडा. २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवला की मोठा. खरी करामत आकड्याच्या लांबीत नाही, इतक्या थोड्या पायऱ्यांत आहे.

आता मराठवाड्याचा संबंध. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावजवळचे पाटण लागते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या तिथल्या शिलालेखानुसार भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्याकडे नेले. नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघणाचे राजज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी पाटणला मठ काढला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळाले. आज पाटण जळगाव जिल्ह्यात मोडते. पण मठ काढणारा माणूस देवगिरीच्या दरबारातला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

दुसरा धागा छत्रपती संभाजीनगरातला. शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास, अताउल्ला रुश्दी याने भास्कराचार्यांच्या बीजगणिताचा फारसी अनुवाद केला. बीबी का मकबरा उभारणारा अताउल्ला तो हाच, असे मानले जाते. मकबरा उभा राहण्याच्या काही वर्षे आधी, १६५७ मध्ये, फ्रान्सच्या फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना अशाच प्रश्नाचे आव्हान दिले. त्याच वर्षी फ्रेनिकल या फ्रेंच गणितज्ञाला पत्रातून दिलेला एक आकडा नेमका ६१! इंग्लंडमध्ये ब्राउंकर यांनी रीत शोधली. ऑयलर यांनी मात्र ती चुकून इंग्रज गणितज्ञ पेल यांच्या नावावर टाकली आणि ते नाव कायमचे चिकटले. अशी रीत दरवेळी उत्तरापर्यंत पोचतेच, हे पुढे लाग्रांज यांनी सिद्ध केले.

१८१३ मध्ये स्ट्रेची यांनी बीजगणित इंग्रजीत नेले, तेही अताउल्लाच्या फारसीवरून. संस्कृतवरून थेट इंग्रजी भाषांतर कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये केले. पाठ्यपुस्तकांत वर्गप्रकृतीचे समीकरण अजून पेल यांच्याच नावाने छापले जाते.