मुलं वाचवली की लोकसंख्या फुगते? अहो, उलटं आहे!

फॅमिली ग्रुपवर परत तोच जुना मेसेज फिरतोय, की युनोच्या त्या विकास गोल्समुळे (म्हणजे गरिबी, बालमृत्यू कमी करायची जागतिक उद्दिष्टं) गरीब देशांत मुलं वाचतात आणि म्हणूनच लोकसंख्या फुगते. साफ चूक आहे हे. 1990 ला जगात पाच वर्षांच्या आतली 1 कोटी 27 लाख मुलं दगावली, 2015 ला आकडा साधारण 60 लाखांवर आला, आणि याच काळात बाईमागे सरासरी मुलं कमीच झाली ना!

माझ्या आजीची पेडण्यात आठ बाळंतपणं झाली, तीन पोरं पाळण्यातच गेली, ती म्हणायची, "किती जगतील कुणाक खबर, म्हणून होऊ द्यायची." वहिनी मात्र एकीवर थांबली, कारण लसीचं कार्ड कपाटात आहे, दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचा डोस, प्रत्येकावर सिस्टरची सही, पोर जगणार हा भरवसा आहे, शिवाय ती स्वतः शिकलीय, नोकरी करते.

आपल्या गोव्याचंच बघा, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू हजारी सहापेक्षा कमी आणि बाईमागे मुलं फक्त 1.3. प्लीज, तो मेसेज पुढे पाठवू नका.