बिलांच्या एक्सएमएल फाइलमधून ॲट्रिब्यूटची मूल्ये जावास्क्रिप्टने कशी वाचावीत

बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी भागातील आमचे अनेक ग्राहक महिनाअखेरीस आमच्या प्रणालीतून बिलांची एक्सएमएल फाइल काढतात आणि ती स्वतःच्या वेबपानात वापरतात. ते पान तयार करणाऱ्याने हे पत्रक सोबत ठेवावे. फाइलमधील एक बिल असे दिसते (येथे नावे व आकडे देवनागरीत छापले आहेत, प्रत्यक्ष फाइलमध्ये ते इंग्रजी लिपीत असतात):

<बिल क्रमांक="००४१७" राज्य="२७" सूट=""> … </बिल>

येथे ‘बिल’ हा एलिमेंट असून क्रमांक, राज्य व सूट हे त्याचे ॲट्रिब्यूट आहेत. ब्राउझरमधील डीओएमपार्सरच्या (मजकूर वाचून त्याचा दस्तऐवज बनवणाऱ्या साधनाच्या) ‘पार्सफ्रॉमस्ट्रिंग’ला फाइलचा मजकूर द्यावा व प्रकार एचटीएमएल न सांगता एक्सएमएल सांगावा. मग ‘क्वेरीसिलेक्टरऑल’ने सर्व बिले गोळा करून प्रत्येकावर ‘गेटॲट्रिब्यूट’ चालवावे. नावातील लहान-मोठी अक्षरे तंतोतंत जुळावी लागतात. रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरात ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्राने) ओळी कापण्याचा मोह टाळावा, कारण ॲट्रिब्यूटचा क्रम बदलला किंवा दुहेरीऐवजी एकेरी अवतरणचिन्हे आली तरी फाइल वैधच राहते, कापणी मात्र चुकते.

सर्वात महत्त्वाची बाब अशी की ‘गेटॲट्रिब्यूट’ आकडा देत नाही, ॲट्रिब्यूट असेल तर ते नेहमी मजकूरच देते. ‘राज्य’मध्ये माल जेथे पोहोचवायचा त्या राज्याचा जीएसटी संकेतांक असतो: कर्नाटकाचा २९, महाराष्ट्राचा २७. निपाणीच्या दुकानदाराचा माल कागल किंवा गडहिंग्लजला गेला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधील विक्रीवरचा जीएसटी) लागतो आणि तोच माल चिकोडीला गेला तर सीजीएसटी व एसजीएसटी (एकाच राज्यातील विक्रीवरचे केंद्राचे व राज्याचे जीएसटी). प्रोग्राममध्ये हे मूल्य तीन बरोबर-चिन्हांनी २९ या आकड्याशी ताडले, तर मजकूर व आकडा कधीच समान ठरत नसल्याने चिकोडीची बिलेसुद्धा आयजीएसटीत जातात. दोन्हीकडे कराची बेरीज तीच येत असल्यामुळे ही चूक बिल पाहून लक्षात येत नाही, विवरणपत्र भरताना मात्र नडते. म्हणून तुलना अवतरणचिन्हांतील "२९" शीच करावी. बिल क्रमांकही मजकूरच ठेवावा, कारण आकड्यात रूपांतर केल्यास सुरुवातीची शून्ये गळून ४१७ उरते.

वरील बिलात सूट रिकामी आहे. काही बिलांत तो ॲट्रिब्यूटच नसतो व तेव्हा ‘नल’ (म्हणजे मूल्यच नाही) मिळते. ‘नंबर’ हे फंक्शन दोन्हींचे शून्य करते, त्यामुळे सूट नाकारली होती की नोंदवायचीच राहिली, हा फरक पुसला जातो. आधी ‘हॅजॲट्रिब्यूट’ने खात्री करावी. कोणी फाइल हाताने दुरुस्त करून देवनागरी किंवा कन्नड अंक घातले असतील, तर मात्र शून्यही न मिळता ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडा नाही’) मिळते.

हाताने दुरुस्ती करण्याचा दुसरा धोका पक्षकाराच्या नावात असतो. ‘पाटील & सन्स’मधील मधले चिन्ह एक्सएमएलमध्ये जसेच्या तसे चालत नाही, आणि ते तसे राहिले की संपूर्ण फाइल अवैध ठरते. डीओएमपार्सर अशा वेळी प्रोग्राम थांबवत नाही, केवळ ‘पार्सरएरर’ नावाचा एलिमेंट असलेला दस्तऐवज परत देतो. तो आहे का, हे पहिले मूल्य वाचण्यापूर्वी तपासावे आणि आढळल्यास फाइल आमच्या प्रणालीतून पुन्हा काढून घ्यावी.