खड्ड्यांवर चालणारा पंप

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी मामेभावाची जुनी, परदेशातून आणलेली इस्टेट (मागे सामानाला लांब जागा असलेली) गाडी गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात भरली. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या मांडवीचं) सामान, नारळांची दोन पोती, शिवाय मागे तिघं. मागची बाजू खाली बसली. दरवर्षीच बसायची, पण वाटेतला फर्मागुढीचा चढ संपेतो आपोआप वर यायची. यंदा त्यापुढचं म्हार्दोळ आलं तरी तशीच. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं दृष्ट लागली, लिंबू-मिरची बांधा. गॅरेजवाला म्हणाला, साधे शॉकअप टाका, काम झालं.

दोन्ही सल्ले चुकीचे. खरं दुखणं होतं मागच्या शॉकअपचं: त्याच्या सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीतून, तेल गळत होतं, आणि लिंबामिरचीने ते थांबत नाही. आणि साधा शॉकअप वजन पेलतच नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वजन पेलते स्प्रिंग. शॉकअप फक्त तिचं हिंदकळणं शमवतो, त्या हालचालीची उष्णता करून टाकतो. या गाडीत मात्र मागच्या स्प्रिंगा मुद्दाम मऊ असतात आणि उरलेला भार शॉकअप उचलतो. म्हणून साधे शॉकअप बसवायचे तर स्प्रिंगाही कडक घ्याव्या लागतात, नाहीतर गाडी कायमची बसते.

सिट्रोएनच्या 1955 सालच्या डीएस गाडीत उंची सांभाळणाऱ्या तेलाला दाब द्यायला इंजिनावर चालणारा पंप होता. आपल्या शॉकअपला, ज्याला ‘निवोमॅट’ म्हणतात, ना इंजिनाची नळी ना विजेची तार. त्याचा पंप त्याच्याच पोटात, आणि तो चालवतात रस्त्यावरचे खड्डे! मला या कल्पनेचं वेड आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शॉकअपचा जाड दांडा आतून पोकळ असतो. त्या पोकळीत खालून एक बारीक दांडी शिरलेली असते, पिचकारीत दट्ट्या असावा तशी. चाक खड्ड्यात उतरलं की शॉकअप लांबतो, पोकळीतली जागा वाढते आणि कमी दाबाच्या टाकीतलं तेल झडपेतून आत ओढलं जातं. चाक वर आलं की तेच तेल दुसऱ्या झडपेतून जास्त दाबाच्या कप्प्यात ढकललं जातं. तिथे रबरी पडद्यामागे नायट्रोजन कोंडलेला असतो. तो आणखी दाबला जातो. दाब वाढला की दांडा बाहेर रेटला जातो आणि गाडी वर येते. ठरलेली उंची आली की बारीक दांडीवरची एक वाट उघडते. मग पंप तेल नुसतं फिरवत राहतो, उचलत नाही. ओझं उतरवून गाडी फार वर गेली, तर जादा तेल टाकीत परत जातं.

हिशोब करून पाहा. दांड्याचा व्यास 20 मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे 3.14 चौरस सेंटीमीटर. आत 100 बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे शंभरपट) दाब असेल, तर एक शॉकअप सुमारे 320 किलोंचा भार रेटतो. आणि 600 किलो 5 सेंटीमीटर उचलायला ऊर्जा लागते जेमतेम 300 ज्यूल, म्हणजे 10 वॅटचा दिवा अर्धा मिनिट पेटेल एवढी. एक-दोन किलोमीटर रस्ता ती सहज देतो.

नायट्रोजनच का? दाबाखाली, उष्णतेत हवेतला ऑक्सिजन तेल खराब करतो, पेटवूही शकतो. इथे नायट्रोजन खरोखर हवा. टायरमध्ये तो भरा म्हणून पैसे मागतात, तेव्हा मात्र लक्षात असू द्या की साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

मामेभावाच्या शॉकअपचं दुखणं दांड्यावर होतं. आपल्या खाऱ्या हवेत आणि पावसात त्याच्या क्रोमच्या मुलाम्यावर बारीक खड्डे पडले होते आणि प्रत्येक हेलकाव्याला ते सीलची कड कापत होते. नुसतं सील बदलून भागलं नसतं. कारागिराने दाब सोडला, मग लेथवर नळी उघडली, दांड्याला पुन्हा हार्ड क्रोम (क्रोमचा कडक मुलामा) केलं, घासून गुळगुळीत केला, सगळी सीलं नवी घातली, तेल आणि नायट्रोजन भरला. हे घरी करू नका. दाब असलेल्या शॉकअपला गॅस कटर किंवा वेल्डिंग लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

बसवल्यावर गाडी जागच्या जागी उचलली नाही म्हणून भाऊ नाराज झाला. उभ्या गाडीत पंप चालणार कसा? चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत आम्ही टेप लावला: रिकामी 38 सेंटीमीटर, माणसं-सामान भरल्यावर 33. फर्मागुढीला उतरून पुन्हा मोजलं. साडेसदतीस.